सामान्य माणसाला न कळलेला शब्द

सामान्य माणूस म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी बेसन भाजत होते. बाहेरून हाक आली म्हणून कढई खाली उतरवली, हात पदराला पुसत गेले, तर तिघे जण माझ्याकडे असे बघत होते की जणू मी फळ्यावरचं गणित आहे.

"हा घ्या सामान्य माणूस," आमचे हे म्हणाले.

"सामान्य माणसाचं बेसन राहिलंय अर्धवट," मी म्हटलं. "काय ते लवकर बोला."

गोष्ट चोपन्न सालच्या आसपासची. आमचे हे, श्रीपाद, डोंबिवलीच्या शाळेत रसायन शिकवायचे. सायन्ससुद्धा आता मराठीतून शिकवायचं असं वारं तेव्हा सुटलेलं, आणि ठाण्याच्या एका प्रकाशकानं यांच्याकडे रसायनाचं पुस्तक मागितलं होतं. पुस्तक लिहायला हे एकटे पुरे होते, पण शब्द पुरत नव्हते. इंग्रजीत जिथं एक शब्द, तिथं यांच्या मराठीत चार ओळी व्हायच्या. म्हणून दर रविवारी दुपारी शब्द घडवायला आमच्याकडे मंडळ भरायला लागलं. मंडळ हे नाव यांचं. मी त्याला चहाचा अड्डा म्हणायची.

मंडळात यांच्याखेरीज दोघे. एक आगाशे मास्तर, त्यांना सगळेच भाऊ म्हणायचे. ठाण्याला खोपटला राहायचे, जन्मभर संस्कृत शिकवून रिटायर झालेले. तपकिरीची चिमूट नाकात गेल्याशिवाय त्यांना एक उपसर्ग सुचायचा नाही. दुसरा परशुराम मेहेंदळे. आंबिवलीच्या एका कारखान्यात केमिस्ट, तिशीचा, उंच, हुशार, आणि सदा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. ठरलेले शब्द लिहून घ्यायला आमची सरोज, म्हणजे माझी नणंद. तिचं अक्षर मोत्यासारखं. मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, हे, सरोज आणि मी.

तर त्या दिवशी भाऊ म्हणाले की शब्द नुसता शुद्ध असून भागत नाही, सामान्य माणसालाही कळला पाहिजे. आता सामान्य माणूस आणायचा कुठून? स्टेशनवर जाऊन का धरून आणायचा? मग यांना आठवलं की स्वयंपाकघरात एक आहे.

मी चांगली मॅट्रिकपर्यंत शिकलेली, हे सांगून बघितलं. "म्हणूनच," भाऊ म्हणाले, "अगदी योग्य."

नियम असा ठरला की शब्द ऐकून मी "कळला" म्हणायचं आणि तो घालून एक वाक्य बोलून दाखवायचं. जमलं तर शब्द पास, नाही तर नापास. आधी मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण मग लक्षात आलं की या घरात माझ्या "नाही"ला एवढा मान आजवर मिळालाच नव्हता. आमचे हे स्वयंपाकघरात येत ते फक्त जेवायला, पाटावर बसत आणि हात धुवायला उठत. बाकी सगळा संसार बाहेरून हाका मारून चालायचा. आता निदान हाक मारून माझं मत तरी विचारत होते.

गणपतीनंतर सुरुवात झाली. ए झालं, बी झालं, आणि सीमध्ये गाडं अडलं. शब्द होता कॅटलिस्ट.

"असं बघ," हे मला समजावून सांगायला लागले. "एक पांढरी भुकटी असते. ती तापवली की तिच्यातून प्राणवायू निघतो. पण तापवावी लागते फार आणि वेळही फार लागतो. तेच तिच्यात चिमूटभर काळी भुकटी टाकली की भराभर निघतो. आणि गंमत म्हणजे, सगळं झाल्यावर काळी भुकटी जशीच्या तशी शिल्लक."

"म्हणजे लग्नघरातली आत्या," मी म्हटलं. "सगळ्यांना कामाला लावते आणि स्वतः पातळाची घडीसुद्धा न मोडता घरी जाते."

परशुराम हसला. सरोजकडे बघून हसला, हे मी तेव्हाच टिपलं होतं. पण एखादा माणूस एकदा हसला म्हणून काय लगेच अक्षता निवडायला घ्यायच्या?

मग भाऊंच्या तपकिरीतून एकेक शब्द निघायला लागले. 'चेतक' म्हणाले. मी म्हटलं, हा तर राणा प्रतापांचा घोडा, याला भुकटीत कशाला घालता? 'प्रवर्तक' म्हणाले. मी म्हटलं, याच्या गळ्यात हार घालावासा वाटतो. 'त्वरक' म्हणाले, तर तो म्हणताना माझीच जीभ दातांत अडकली. मीच मग म्हटलं, एवढं काय डोकं फोडताय, विरजण म्हणा की! दुधाचं दही करतं, चमचाभर पुरतं. हे खूश झाले. पण परशुरामनं घसा खाकरला.

"वहिनी, विरजण स्वतःच दही होऊन जातं," तो अगदी अपराध्यासारखा म्हणाला. "सकाळी ते वेगळं काढून दाखवता येणार नाही."

खरंच होतं ते. मी विरजण परत घेतलं.

दिवाळीपर्यंत मंडळ झेडला पोचलं आणि शब्दांची यादी संपली. राहिला तो सीमधला एकटा. त्याच्यापायी रविवार मात्र चालूच राहिले. दर रविवारी भाऊ ठाण्याहून यायचे, परशुराम आंबिवलीहून कल्याणला गाडी बदलून यायचा. येताना त्याच्या खादीच्या पिशवीत काही ना काही असायचं. कधी कल्याणच्या बाजारातली वांगी, कधी वालाच्या शेंगा. आमच्यात कुणाची पिशवी किंवा डबा रिकामा परत करत नाहीत. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. म्हणून परत जाताना पिशवीत काहीतरी घालून द्यायचं काम सरोजनं आपणहून अंगावर घेतलं. आधी घातलं आवळ्याचं लोणचं. मग चकल्या. मग माझ्या डब्यातले रव्याचे लाडू मोजके उरायला लागले, तेव्हा माझे डोळे जरा उघडले.

पुरते उघडले ते संक्रांतीच्या सुमाराला. भाऊंनी 'उद्दीपक' आणला. पाचक चूर्णाच्या बाटलीवर शोभेलसा होता, पण कळत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, तिघे पुरुष माझ्याकडे तोंड करून, आणि त्यांच्या मागे बैठ्या मेजाशी सरोज. मी "कळला" म्हणायला तोंड उघडलं आणि सरोजनं मान हलवली. एवढीशीच, पण हलवली.

"नाही कळला," मी म्हटलं.

मंडळ उठल्यावर ती आत शेंगा सोलायला बसली. मी समोर जाऊन बसले.

"काय गं, शब्दात काय वाईट होतं?"

"तसंच. नाही आवडला."

"शब्द आवडला नाही की रविवार संपलेले आवडणार नाहीत?"

तिच्या हातातली शेंग खाली पडली. "वहिनी!" म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. अठ्ठावीस वर्षांची बाई, वर्गातल्या पन्नास पोरींना एका नजरेनं गप्प करणारी, आणि माझ्यापुढे शेंगेत तोंड लपवायला बघत होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि तितकंच भरूनही आलं.

कारण सरोजला त्याआधी पाच-सहा ठिकाणी दाखवून झालं होतं. एकांना ती उंच वाटली. एकांना नोकरी खुपली. शेवटचे आले त्यांच्यातल्या मामांनी मुलीची परीक्षा म्हणून विचारलं, पंधरा सक किती? ही म्हणाली, "नव्वद. आणि मामा, तुम्ही मगाशी मुलाला मोठा भाऊ नाही म्हणालात, मग हे अगदी मुलासारखे दिसणारे कोण बसलेत?" पोहे खाऊन गेले आणि मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी उलट उत्तरं देते. त्या दिवशी सरोजनं कानाला खडा लावला. पुन्हा कुणापुढे पोहे घेऊन जाणार नाही म्हणाली, आणि गेली नाही.

"मी यांच्याशी बोलू?" मी विचारलं. "परशुरामला सरळ विचारतील."

"मुळीच नाही." तिनं माझा हातच धरला. "तुम्ही दोघांनी विचारलंत की तो भिडेखातर हो म्हणेल. दादाचं मन मोडायचं नाही म्हणून हो म्हणेल. मला भिडेचा होकार नकोय, वहिनी. त्याला मी हवी असेन तर त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं. तू त्याला काही विचारायचं नाहीस, सुचवायचं नाहीस, दादालाही सांगायचं नाहीस. घे माझी शपथ."

घेतली. काय करते?

"पण त्या मुखदुर्बळाचं तोंड उघडणार कधी?"

"उघडेल. दर रविवारी येतो ना!" ती म्हणाली. "तू फक्त शब्द कळून घेऊ नकोस."

तेव्हापासून मला काहीच कळेनासं झालं. बिचारे भाऊ! म्हाताऱ्यानं कोश पालथे घातले, 'प्रेरक' आणला, 'संचालक' आणला, 'गतिदायी' आणला. मी आपली मान हलवायची. "वहिनींची पातळी जरा खालावली आहे का?" असं त्यांनी एकदा यांना हळूच विचारलेलं मी ऐकलं. ऐकलं आणि गिळलं. नणंदेसाठी माणसानं किती गिळावं?

आणि हा परशुराम! सरोजला कधी नावानं हाक मारली नाही. तिला काही सांगायचं झालं की घसा खाकरायचा. चहा तिनं आणला तर दोन कप प्यायचा, मी आणला तर अर्धा. हे सगळं मला दिसत होतं, भाऊंच्या तपकिरीच्या डबीलासुद्धा दिसत असेल, फक्त आमच्या ह्यांना दिसत नव्हतं. यांना भुकटीतला बदल लांबून कळतो. घरातल्या माणसांचं विचारू नका.

एकदा मात्र वाटलं की आता झालंच. भाऊंनी 'मध्यस्थ' सुचवला. दोघांच्या मध्ये उभा राहून क्रिया घडवतो तो मध्यस्थ. मला मोह आवरला नाही. मी म्हटलं, "हा कळला. हे घ्या वाक्य, मध्यस्थ दोन्ही घरचा चहा पितो."

सगळे हसले. सरोजनं टाक खाली ठेवला.

"मध्यस्थ नको," ती म्हणाली. एरवी ती मंडळात बोलायचीच नाही. "मध्यस्थानं दोन्हीकडे खरं सांगितलं असं मी अजून पाहिलेलं नाही. एकाचं दुसऱ्याला कळायचं असेल तर मधे कुणी असूच नये."

परशुरामनं मागे वळून तिच्याकडे बघितलं. नीट बघितलं, घसा न खाकरता. आता बोलेल, आता बोलेल!

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मध्यस्थ नको. शिवाय उष्णतेच्या धड्यात आपण 'माध्यम' घेतलाय, मुलांचा घोटाळा होईल."

माझ्या हातात लाटणं होतं. देवाची शपथ, थोडक्यात वाचला.

फाल्गुनात एका रविवारी जाता जाता, चपला घालताना, तो खाली बघूनच म्हणाला, "श्रीपादराव, माझी बदली झालीय. म्हणजे बढतीच आहे तशी. बिहारात, खताच्या नव्या कारखान्यात. पाडवा झाला की निघायचं."

हे म्हणाले, "वा वा, छान!" भाऊ म्हणाले, "यशस्वी भव." सरोज म्हणाली, "अभिनंदन," आणि आत जाऊन धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

थोड्या वेळानं बघते तर आत नाही. मागच्या दारी विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती.

"वहिनी, जाताना माझ्याकडे बघून काय म्हणाला माहितीये?" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हणाला, 'आपला शब्द राहिला हो.' शब्द राहिला!"

"मी शपथ मोडते," मी म्हटलं. "मोडतेच. पुढच्या रविवारी त्याचा कान धरून विचारते."

"मोडलीस तर तो हो म्हणाला तरी मी नाही म्हणेन." तिनं डोळे पुसले. "वहिनी, इतक्या लोकांनी मला बघितलं आणि निरोप पाठवले. एकानं तरी माझ्या तोंडावर काही म्हणावं. नाही म्हणायचं तर नाही म्हणावं."

मी तिच्या शेजारी बसून राहिले. हा गेला की ही पुन्हा कुणाकडे मान वर करून बघायची नाही, हे मला ठाऊक होतं.

पाडव्याच्या आधीचा रविवार उजाडला. मंडळाची शेवटची बैठक. मी कैरीचं पन्हं केलं होतं. परशुराम पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन आला, नेहमीसारखा. भाऊंनी दोन शब्द आणले होते, ते मी नेहमीसारखे नापास केले. हे कंटाळले होते. इंग्रजी शब्दच ठेवू म्हणाले, कॅटलिस्ट तर कॅटलिस्ट.

"छे, छे," भाऊ म्हणाले. "एका शब्दासाठी हार मानायची? पोस्ट खातं आहे ना! परशुराम तिकडून सुचेल ते लिहून कळवील, सरोज इकडून आमचं मत कळवील. वर्ष लागो, दोन वर्षं लागोत."

"हो हो," परशुराम म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. "पत्रानं सहज जमेल."

"मी लिहीत जाईन," सरोज म्हणाली. तिचाही खुलला.

आणि माझं डोकं फिरलं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. हा तिकडून लिहिणार 'गतिवर्धक', ही इकडून लिहिणार की वहिनीला कळला नाही. दोघं खुशीत. दोघांचे केस पिकणार, पोस्टमन रिटायर होणार, आणि मी म्हातारी होऊन दारात उभी राहून मान हलवणार! दूध नुसतं कोमट ठेवून ठेवून त्याचं शेवटी काय होतं ते मला विचारा. आणि ते कोमट ठेवायला गेले कित्येक रविवार लाकडं कोण घालत होतं? मीच!

तेवढ्यात परशुरामनं घसा खाकरला. "जाता जाता एक सांगून ठेवतो. उत्प्रेरक. पण वहिनींना कळेल असं नाही वाटत."

भाऊंनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता थांबवली. "उत्... प्रेरक," त्यांनी जिभेवर घोळवून बघितला. मग तिघांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्यामागे सरोजनं मान हलवली. आरामात हलवली, सवयीनं.

"कळला," मी म्हटलं.

सरोजचा टाक हवेतच राहिला. तिनं पुन्हा मान हलवली, जोरात. मी यांच्याकडे बघत राहिले.

"काय सांगतेस!" हे उठून उभेच राहिले. "मग वाक्य?"

शपथ होती. सुचवायचं नाही म्हणजे नाही. मी आपलं यांचंच भुकटीचं उदाहरण घेतलं.

"काळी भुकटी ही उत्प्रेरक आहे," मी म्हटलं. "ती नसती तरी प्राणवायू निघाला असता, पण तोवर शाळा सुटली असती."

"उत्तम!" भाऊ ओरडले आणि तीनदा शिंकले. "श्रीपाद, पुस्तकात घाल हे वाक्य. सरोज, लिही. शब्द मंजूर. मंडळाचं काम संपलं. मंडळ बरखास्त!"

आता हाच शब्द तेव्हा आणखी कुणाकुणाला कुठंकुठं सुचला असेल, आमच्या बाहेरच्या खोलीनं काही शोध लावला असं मी म्हणत नाही. मी सांगतेय ते त्यानंतर काय झालं ते.

सरोजनं लिहिलं. खाली मान घालून लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. ज्या माणसाच्या भरवशावर विहिरीत दोर सोडावा त्यानंच हात काढून घ्यावा, तसं. वाटलं, प्रमोदिनी, काय करून बसलीस हे?

परशुराम उठला. पन्ह्याचा पेला त्यानं उगाचच पुन्हा तोंडाला लावला, रिकामा होता. चपला पायांत घातल्या. भाऊंना म्हणाला, बराय. यांना म्हणाला, बराय. मला वाकून नमस्कार केला. आणि दारात उभा राहिला, कारण पिशवी आत होती.

सरोज आत गेली. डब्यांचा आवाज ऐकू येईल म्हणून मी कान देऊन होते. काही वाजलं नाही. ती बाहेर आली आणि तिनं पिशवी दोन्ही हातांत धरून त्याच्यासमोर केली. पिशवी लोंबत होती.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

तिनं सोडली नाही. "आमच्यात रिकामी पिशवी परत देत नाहीत."

"मग?"

"मग पुढच्या रविवारी घेऊन जा."

"पुढच्या रविवारी," त्यानं घसा खाकरला, "पुढच्या रविवारी मंडळ नाही."

"मंडळ नाही म्हणूनच म्हणतेय."

पिशवीचं एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. हे म्हणाले, "अगं सरोज, दे की त्याची पिशवी, गाडी चुकेल." मी यांच्या पायावर पाय दिला. चांगला दिला.

मग परशुरामनं पिशवी सोडली, वाकला आणि चपला काढल्या. काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवल्या.

"सरोज," तो म्हणाला. पहिल्यांदा नाव घेतलं. "मला एकट्याला नाही जायचं तिकडे. तू येशील?"

"येईन," सरोज म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "हे विचारायला एवढे रविवार लागले?"

"तो शब्द मला पहिल्याच दिवशी सुचला होता," तो म्हणाला. "सांगितला असता तर दिवाळीलाच रविवार संपले असते. आज वाटलं, वहिनी नेहमीसारखं नाही म्हणतील आणि पत्रं चालू राहतील."

मी कपाळावर हात मारून घेतला. इकडे ही मान हलवतेय, तिकडे तो शब्द खिशात घालून बसलाय, आणि मध्ये भाऊ आणि मी! हे मात्र गोंधळून एकेकाकडे बघत होते. "पण मंडळ तर बरखास्त झालं, आता काय ठरतंय?" असं त्यांनी विचारलंच. भाऊ म्हणाले, "श्रीपाद, तू बस जरा. मी सांगतो." आणि त्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले. तपकिरीमुळे म्हणाला.

वैशाखात लग्न झालं. परशुराम रजा काढून आला आणि सरोजला घेऊन गेला. पिशवी तिनं सोबत नेली. तिच्यात मी रव्याचे लाडू ठासून भरले होते. स्टेशनवर गाडी सुटताना ती खिडकीतून म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी तुझा इतका राग आला होता!" "येऊ दे," मी म्हटलं, आणि खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चालत राहिले.

पुस्तक निघालं. काळ्या भुकटीचं वाक्य त्यात आहे, पोरांनी ते पाठ केलं. उत्प्रेरकाची व्याख्याही आहे, की क्रिया संपल्यावर तो स्वतः जसाच्या तसा राहतो. खरं असेल भुकटीचं. माझं तसं झालं नाही. रविवारची दुपार आली की घर खायला उठायचं. चहाचं आधण दोघांचं ठेवायचं. बाहेरच्या खोलीत हे आणि त्यांची पुस्तकं, आत मी आणि माझी भांडी. कुणी हाक मारून विचारत नव्हतं की कळला का. मी सामान्य माणूससुद्धा उरले नव्हते. मला सरोज हवी होती, ते मंडळ हवं होतं, भाऊंच्या शिंकासुद्धा हव्या होत्या.

पावसाळा सरत आलेला. एका रविवारी मी तांदूळ निवडत बसले होते. जेवणं कधीच झाली होती, आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ऐकतेस का," हे म्हणाले. "दुसऱ्या आवृत्तीसाठी एक शब्द हवाय. उत्प्रेरकाच्या उलटा. म्हणजे होणारी क्रिया जो लांबवत नेतो, होऊच देत नाही लवकर, तो. मी 'मंदक' काढलाय. बघ, कळतो का?"

स्वच्छ कळत होता. त्याच्याइतका मला कळणारा शब्द मराठीत दुसरा नसेल. कित्येक रविवार तो मीच नव्हते का!

मी यांच्याकडे बघितलं. हाक न मारता आत आले होते. हातात पेन्सिल, कपाळावर आठ्या, आणि तोंडावर असा भाव की हिला कळलं तर परत बाहेर जावं लागेल. की मलाच तसं वाटलं, देव जाणे.

"नाही कळला," मी म्हटलं.

यांनी भिंतीला टेकवलेला पाट ओढून घेतला. "बरं, मग पहिल्यापासून सांगतो," म्हणाले, आणि माझ्यासमोर बसले.